न तुटणारी फ्रेम

४ फेब्रुवारी

चिरंजीवास,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. एकच ओळ होती. "काका, तुम्हाला माहीत होतं का? याचं उत्तर द्या, मग पुढचं बोलू." काकूने पाकीट उलटं करून झटकलं, आत आणखी काही राहिलंय का म्हणून.

बाबांच्या अंत्यविधीला तू आलास आणि सगळ्यांच्या मागे उभा राहून निघून गेलास. मी तुझ्याकडेच येत होतो, पण मध्ये छापखान्यातली माणसं भेटली. इतक्या बारकाईने मुद्रितं तपासणारा माणूस पुन्हा मिळायचा नाही, असं ती म्हणत होती. त्यांना सोडून वळलो तोवर तू फाटकाबाहेर होतास.

तुझ्या आईने त्याच्या वस्तूंची एक पिशवी माझ्याकडे दिली आहे. हातघड्याळ, तीन लाल पेनं, मफलर आणि चष्मा. चष्मा मीच तीन वर्षांपूर्वी दिलेला. काचा पुसून ठेवल्या आहेत. यातलं तुला काय हवं ते कळव.

शेवटी त्याला फार त्रास झाला नाही. न्यूमोनिया छातीत पसरला होता. पाच दिवस रुग्णालयात होता, सहाव्या दिवशी सकाळी गेला.

तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर, धाकट्याने मला कधीही काही सांगितलं नाही. आमच्यात तशी बोलायची पद्धत नव्हती. तुझा बाप साठीला आला तरी मी त्याला धाकटाच म्हणत होतो, यावरून तू काय ते समज.

दुकान ठीक चाललं आहे. काकूचे गुडघे दुखतात. तब्येतीला जप.

तुझा,
काका


१९ फेब्रुवारी

चिरंजीवास,

अनेक आशीर्वाद.

माझं पत्र तू परत पाठवलंस. सोबत चिठ्ठी नाही, फक्त एका वाक्याखाली लाल रेघ. "धाकट्याने मला कधीही काही सांगितलं नाही." मुद्रितात चूक सापडली की तुझा बापही अशीच रेघ ओढायचा, पट्टी न लावता सरळ.

वाक्य खोटं नव्हतं. त्याने खरंच कधी सांगितलं नाही. पण तू ते विचारलं नव्हतंस.

तर आता जे विचारलंस ते लिहितो. बत्तीस वर्षं मी चष्म्याच्या दुकानात काढली. चष्मा कसा तुटला हे गिऱ्हाईक सांगतं, पण माझं लक्ष हातातल्या फ्रेमकडे असतं. कुणी चष्म्यावर बसलं तर दोन्ही काड्या बाहेर फाकतात आणि नाकावरचा पूल सपाट होतो. हातातून पडला तर काचेच्या कडेचा टवका उडतो. तोंडावर असताना बाजूने फटका बसला तर एकाच काडीची बिजागरी आत वळते आणि पलीकडच्या बाजूचं पॅड नाकात रुततं. समोरचा माणूस उजव्या हाताने मारत असेल तर डावी काडी.

धाकट्याची दर वेळी डावी काडी असायची.

आमच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड असतं, तुला माहीतच आहे. नंबर, फ्रेम, आणि दुरुस्तीला आला असेल तर कारण. त्याचं कार्ड काल काढलं. अकरा नोंदी आहेत. "दाराला आपटला." "झोपेत अंगाखाली गेला." "जिन्यात पडला." "कपाटाचं दार उघडं होतं." "दाराला आपटला" पुन्हा. अक्षर सगळं माझं. तो सांगायचा आणि मी लिहून घ्यायचो. लिहिताना मला कळत असायचं की कुठलंही दार असं लागत नाही.

तेव्हा उत्तर असं, की हो, मला माहीत होतं.

यावर तुला पुढचं बोलायचं नसेल तर ते मी समजू शकतो. पण तसं होऊ नये असं वाटतं. धाकटा गेल्यावर माझ्या रक्ताचं असं तूच एक उरला आहेस. हे वाक्य लिहून खोडणार होतो. राहू दे.

काका


३ मार्च

चिरंजीवास,

अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. मी त्याची वाट पाहत नाही असं नाही, पण अर्धंच सांगून थांबलो आहे, म्हणून पुढचं लिहून टाकतो. हे तू विचारलेलं नाहीस.

एकदा, बहुधा चौथ्या खेपेला, धाकटा भरदुपारी कामावरून आला. चष्मा रुमालात गुंडाळलेला. डोळ्याखाली सूज. दुकानात शेजारचा औषधवाला गप्पा मारत बसला होता. तो म्हणाला, "काय साहेब, गृहमंत्र्यांनी लाठीमार केला वाटतं."

मी म्हणालो, "आणि याला जामीन द्यायलाही कोणी तयार नाही."

आम्ही हसलो. धाकटाही हसला. "दादा, तू पण ना," म्हणाला. औषधवाला गेला तरी तो स्टुलावर बसून राहिला. मी फ्रेम गरम हवेवर धरून सरळ करत होतो.

"दादा, एक विचारू?"

"विचार की." मी मान वर केली नाही. गरम फ्रेमवरून नजर हलवली तर काडी वाकडी होते.

त्याने स्टूल जरा पुढे सरकवलं. मग म्हणाला, "काही नाही. किती वेळ लागेल अजून?"

"झालंच."

एवढंच झालं होतं. पण मी ते विसरलेलो नाही, म्हणजे त्या वेळीही मला काहीतरी कळलं असणार.

काकूने मला दोनदा टोकलं होतं. "अहो, भाऊजींच्या मानेवर ओरखडे आहेत. मांजर पाळलंय का त्यांनी?" मी म्हणालो, नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला नाक खुपसायचं. ती म्हणाली, "भांडण असतं तर दोघांच्या मानेवर असते." मी पेपर वाचत राहिलो.

मला वाटायचं, मी माझ्या परीने करतो आहे. दुरुस्ती त्याला कधी थांबावी लागली नाही, हातातलं काम बाजूला ठेवून त्याचं आधी करायचो. आणि तीन वर्षांपूर्वी ती नवी फ्रेम बाजारात आली. कशीही वाकवा, पुन्हा मूळ आकारावर येते. काचाही न फुटणाऱ्या. मी त्याच्यासाठी मुद्दाम मागवली. काच फुटून डोळ्यात जाऊ नये, ही माझी काळजी होती. बघ, काच कशाने फुटेल हे मला माहीत होतं, आणि त्यावर मी काढलेला तोडगा म्हणजे चांगली काच.

त्याला म्हणालो, "आता यावर हत्ती बसला तरी काही होणार नाही."

त्याने ती हातात घेऊन दोन-तीनदा वाकवली. "खरंच तुटणार नाही?"

"नाही."

"मग आता यायला नको," तो म्हणाला. मला वाटलं, आभार मानतोय.

त्यानंतर तो दुकानात आला नाही. तीन वर्षांत एकदाही नाही. फोन केला की तुझी आई उचलायची आणि तो आंघोळीला गेलेला असायचा. भावाकडे उगाच जाऊन बसणं तिला चालत नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण चष्म्याशिवाय तो मुद्रितं वाचू शकत नव्हता, त्यामुळे चष्मा तुटला की त्याला माझ्याकडे यावंच लागायचं आणि त्याला कोणी अडवायचं नाही. त्याचं येण्याचं तेवढं एक कारण होतं. ते मी काढून घेतलं.

आता राहिलेलं. रुग्णालयात छातीचा फोटो काढला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तुझ्या आईला आणि मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, यांच्या तीन बरगड्या कधीतरी मोडून आपोआप जुळल्या आहेत, वेगवेगळ्या वेळी. अपघात वगैरे झाला होता का?

तुझी आई म्हणाली, "ते पहिल्यापासून वेंधळेच. विचारा ना त्यांच्या भावाला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

धाकटा तेव्हा आत होता, शुद्धीवर होता. दार उघडं होतं.

काका


२१ मार्च

चिरंजीवास,

अनेक आशीर्वाद.

तू चांगलं पानभर लिहिलंस. शिव्या असतील असं वाटलं होतं. त्या नाहीत हे जरा जडच गेलं.

तू विचारतोस, नीट विचारलं असतं तर बाबांनी सांगितलं असतं का. माहीत नाही. कदाचित पहिल्यांदा नसतं सांगितलं. पण मला अकरा वेळा संधी होती.

आणि तू विचारतोस, तुझा चष्मा एकदा तुटला होता ते मला आठवतं का. आठवत नव्हतं. तुझं कार्ड काढलं. तू चार वर्षांचा असताना पहिला चष्मा लावलास, जाड गोल काचांचा, तेव्हा धाकट्याने माझ्या हातातून कार्ड घेऊन वर लाल पेनाने "श्री. घुबडराव" लिहिलं होतं. ते अजून आहे. तू आरशात बघून घुबडासारखी मान फिरवलीस आणि तो इतका हसला की त्याला ठसका लागला. हे मात्र मला कार्ड न बघताही आठवतं.

खाली दुरुस्तीची एकच नोंद आहे. तू नऊ वर्षांचा. "खेळताना पडला. डावी काडी."

मग मी धाकट्याचं कार्ड शेजारी ठेवलं. त्याची पहिली नोंद तुझ्यानंतर पाच आठवड्यांची आहे. तुझ्या कार्डावर त्यानंतर दुरुस्ती नाही, तू घर सोडून गेलास तोपर्यंत. त्याच्या कार्डावर अकरा.

तुला हे माहीत असणार, तू त्या घरात होतास. तो मध्ये उभा राहत होता हे मला काल कळलं, तेही कार्डांवरून. काकूला दाखवलं. तिने दोन्ही कार्डं पदराने पुसली आणि परत दिली.

तुझ्या आईबद्दल मी वाईट शब्द लिहावेत अशी तुझी अपेक्षा नाही असं लिहिलंस, हे बरं केलंस. ती माझ्याशी नेहमी नीट बोलत आली. कदाचित त्यामुळेच मला सोपं गेलं.

पिशवीतलं घड्याळ आणि पेनं आजच पाठवतो. चष्मा तुला नको म्हणालास. मी ठेवतो.

काका


१२ एप्रिल

चिरंजीवास,

अनेक आशीर्वाद.

आज तुझी मदत मागायला लिहितो आहे.

मंगळवारी दुकानात एक गिऱ्हाईक आलं. शाळेत व्यायाम शिकवतात. दारातून आत येताना दार भरून जावं असे. चष्मा काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "मुलांचा चेंडू लागला."

डावी काडी. बिजागरी आत. उजवं पॅड रुतलेलं. मी जुनं कार्ड काढलं, गेल्या वर्षीही एकदा तसंच. तेव्हा माझ्या अक्षरात "चेंडू."

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी ठरवलं की आता गप्प बसायचं नाही. म्हणालो, "सर, चेंडू समोरून लागला तर आधी काच जाते. हे बाजूने आलंय. चेंडू नाही हा."

त्यांचा चेहरा पडला. मग म्हणाले, "तुम्ही चष्मे दुरुस्त करता की पंचनामे?" आणि निघून गेले. घाईत चष्मा इथेच राहिला. म्हणजे ते परत येतील. चष्म्याशिवाय फार दिवस राहता येईल असा त्यांचा नंबर नाही.

काकू म्हणाली, "तुम्ही त्यांना चोर पकडल्यासारखं पकडलंत." ते मला पटलं. पण मग विचारायचं कसं? मला खरंच कळत नाही. बारीक स्क्रू कसा बसवायचा हे मी कोणालाही शिकवीन, पण हे मला कोणी शिकवलेलं नाही.

तू पत्रात लिहिलं होतंस की तिकडे गेल्यावर एका समुपदेशकाकडे तू वर्षभर जात होतास. त्यांनी तुला पहिल्या दिवशी काय विचारलं होतं, ते सांगता येईल का? सांगायचं नसेल तर राहू दे. पण लवकर कळव, माणूस केव्हाही येईल.

काका


२ मे

चिरंजीवास,

अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर वेळेवर आलं. मी ते ड्रॉवरमध्ये, स्क्रूच्या डबीखाली ठेवलं होतं आणि रोज एकदा वाचत होतो. "कसं तुटलं ते विचारू नका. ते विचारलं की माणूस दार नाहीतर जिना शोधतो. घरी नीट आहे का विचारा. भीती वाटते का विचारा. नाही म्हणाला तर मान्य करा, आणि पुन्हा यायला सांगा."

ते गुरुवारी आले. ताठ उभे राहिले. "झाला का चष्मा?"

मी म्हणालो, "झालाय. सर, त्या दिवशी मी चुकीचं बोललो. माफ करा." मग चष्मा त्यांच्या हातात दिला, म्हणजे जायचं तर त्यांना जाता येईल, आणि म्हणालो, "एक विचारतो. उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. घरी जायची भीती वाटते का?"

त्यांनी चष्मा घातला. काढला. पुन्हा घातला. मग स्टूल ओढून बसले.

"हसणार नाही ना?"

"नाही."

"माझ्याकडे बघा. ती माझ्या खांद्यालाही लागत नाही. शाळेत पोरं मला टरकून असतात. कोण विश्वास ठेवील?"

"मी ठेवतो. मी ती काडी सरळ केली आहे."

मग ते बोलले. काय बोलले ते मी लिहीत नाही, ते त्यांचं आहे. मी दुकानाचं दार आतून लावून घेतलं होतं आणि हातात काही काम धरलं नव्हतं. मध्ये ते म्हणाले, "मी उलटा हात उगारला तर ती मोडेल, म्हणून मी हात खिशात घालून उभा राहतो." मला धाकट्याची सवय आठवली. तोही कायम खिशात हात घालून उभा असायचा. आम्ही त्याला ऐटबाज म्हणायचो.

तू पाठवलेला समुपदेशकाचा फोन नंबर त्यांना चष्म्याच्या डबीत घालून दिला. फोन करतील की नाही, माहीत नाही. जाताना त्यांना सांगितलं, चष्मा तुटला नसला तरी या. काड्या सैल झाल्यात म्हणा, पॅड टोचतंय म्हणा. घरी सांगायला काही तरी लागतं, ते मी देईन.

शनिवारी आले. पॅड टोचत नव्हतं.

आणखी एक. मी रुग्णालयात जाऊन त्या डॉक्टरीणबाईंना भेटलो. सांगितलं की त्या दिवशी माझी मान खोटी डोलली. त्यांना धाकटा लगेच आठवला. म्हणाल्या, "चूक माझीही आहे. बाईच्या बरगड्या असत्या तर मी नातेवाइकांना बाहेर ठेवून तिला एकटीला विचारलं असतं. ते पुरुष म्हणून मी तुम्हाला विचारलं." आता त्या सगळ्यांनाच एकटं विचारतात, असं म्हणाल्या.

तुझी आईही येऊन गेली, वाचायच्या चष्म्यासाठी. म्हणाली, "पोराने तुमचे कान भरलेत असं ऐकते. तुमचा भाऊ काही धुतल्या तांदळासारखा नव्हता."

मी म्हणालो, "नसेल. पण चष्मा त्याचाच तुटायचा." तिचा नंबर काढला, काचा बसवून दिल्या. ती बराच वेळ चष्मा लावून बसली, समोरचा तक्ता वाचत असल्यासारखी. मी तिलाही एका समुपदेशकाचा फोन नंबर दिला. तिने तो काउंटरवरच ठेवला.

काका


१४ जून

प्रिय घुबडराव,

अनेक आशीर्वाद. या नावाने लिहू नये असं वाटत असेल तर सांग, पुन्हा चिरंजीवावर येईन.

तुझं पार्सल काल पोचलं. आत चष्मा आणि चिठ्ठीवर एकच शब्द, "बसलो." काकू हसली. म्हणाली, "बापासारखाच शब्द तोलून वापरतो."

मी चष्मा दिव्याखाली धरला. दोन्ही काड्या बाहेर फाकलेल्या, पूल सपाट, बिजागऱ्या शाबूत. कुणी बसलं की होतो तसाच झाला आहे. काकूला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग झालं तर." मी म्हणालो, "नाही झालं. फ्रेमला विचारून मोकळं व्हायचं हेच मी अकरा वेळा केलं."

म्हणून विचारतो. तिकडे घरी सगळं नीट आहे ना? कुणाची भीती वाटते का? नाही असं लिहिलंस तर मी विश्वास ठेवीन. पुढच्या वेळी पुन्हा विचारीन, त्याचा राग मानू नकोस.

काचा तुझ्याच आहेत, चरे नव्हते. फ्रेम मात्र नवी बसवली आहे. न तुटणारी दुकानात शिल्लक आहे, गिऱ्हाइकं मागतात तेव्हा देतो. तुला दिलेली नाही. ही साधीच आहे, जरा जपून वापरलीस तर वर्ष-दीड वर्ष टिकेल, आणि मग कुठेतरी बिजागरी जाईल किंवा तू पुन्हा बसशील.

तुटली की पोस्टाने पाठवू नकोस. घेऊन ये.

काका